कमिटीतली माझी खुर्ची

शाळा कमिटीवर एक तरी बाई घ्यावी, असा हुकूम नागपूरहून निघून बुलढाण्यामार्गे आमच्या गावात पोचला, तेव्हा गावात बऱ्यापैकी लिहिता-वाचता येणाऱ्या बायका दोनच होत्या. एक मुलींच्या शाळेची मास्तरीण. पण ती पगारी, म्हणून चालेना. दुसरी मी. 'एकमताने निवड झाली' असं कागदावर लिहिलं गेलं, ते खोटं नव्हतं.

गावानेही फार काथ्याकूट केला नाही, कारण मी धीट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. कापसाच्या काट्याला हळूच पाय लावणाऱ्या अडत्याला मी भर बाजारात पाय काढायला लावला होता, आणि त्यानंतर काही दिवस माझ्या नवऱ्याला त्याच्या कापडाच्या दुकानात लोक सहानुभूती दाखवायला येत होते.

पहिल्या सभेला मी नवं लुगडं नेसून गेले. टेबलावर हिरवं कापड, भोवती सात खुर्च्या, त्यांतल्या सहांवर पुरुष. त्या सहांत माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घर आमचं एकच. मी पाहिलं, पदर पुढे ओढला आणि दारालगतच्या सतरंजीवर बसले. विचार वगैरे काही केला नाही. भासऱ्यांसमोर उंचावर बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. चालायला येतं तसं ते येतं.

भासरे काही वाईट नव्हते. ते शिपायाला म्हणाले, "बाईले सांग, खुर्ची ठेवली हाय." शिपाई माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, खुर्ची ठेवली हाय." मी शिपायाला म्हटलं, "मी इथंच बरी हाय म्हना." त्याने तेही पोचवलं. आम्ही तिघं एकाच खोलीत होतो आणि कोणीही बहिरं नव्हतं.

असं बरेच महिने चाललं. मी बोलायची ते शिपायाच्या तोंडून. शिपाई हौशी होता, माझ्या बोलण्यात तो पदरची भर घाली. रांजणाला झाकण पाहिजे एवढंच मी म्हटलं की तो सांगे, "बाई लय नाराज हायेत रांजनावरून." एकदा शिपायाला नवी छत्री द्यावी ही सूचना माझ्या नावावर मंजूर झाली. त्या दिवशी मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मग मास्तरणीच्या खोलीचा विषय आला. मास्तरीण मेहकरकडची, विधवा, एकटी. गावात तिला कोणी धड घर देईना. एकाच्या ओसरीवर गोणपाटाचा आडोसा करून ती राहत होती. मुलींच्या शाळेमागे शाळेचीच एक पक्की, कडीकुलपाची खोली होती. तिच्यात आमच्या भासऱ्यांची सरकी भरलेली असे. कधीपासून, ते कोणी विचारत नसे. मास्तरणीने स्वच्छ सांगितलं होतं, ही खोली द्या, नाहीतर दिवाळीला बदली घेऊन जाते. ती गेली असती तर दुसरी येणार नव्हती आणि शाळा बंद पडणार होती. माझी मुलगी तिसरीत होती. मुलांच्या शाळेत तिला घरून कोणी पाठवलं नसतं. ती घरी बसली असती आणि येत्या लगीनसराईतच तिला पाहायला पाहुणे आले असते.

मतं हात वर करून झाली. खोली देण्याच्या बाजूने तीन, विरुद्ध तीन. चौथा हात माझा, दाराजवळ, चांगला खांद्यापासून वर. अध्यक्षांनी टेबलाभोवती नजर फिरवली, समसमान म्हणाले आणि आपलं जादा मत विरुद्ध टाकून मोकळे झाले. मी शिपायाला खुणावलं. तो म्हणाला, "बाईचा हात वर हाय." अध्यक्ष नियमांचे भारी भोक्ते. जराही न रागावता ते म्हणाले, "सभासद टेबलापाशी असतात. दारापाशी येनारे-जानारे असतात."

बाहेर कमिटीतले एक मुसलमान व्यापारी जोडे घालत होते. त्यांचं मत आमच्या बाजूचं. त्यांच्या मुली पडद्यामुळे शाळेत येत नाहीत, यावरून मी मागे शिपायाच्या तोंडून त्यांना बरंच ऐकवलं होतं. त्याची फेड त्यांनी आता केली. "बाई, आमच्या घरचा पडदा कापडाचा हाय," ते म्हणाले, "काढून धुवाले तं टाकता येते. तुमचा कुठं लटकून राह्यला, ते दिसत बी नाही."

मी तणतणत घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं की हे पुरुष मला कमिटीत बसू देत नाहीत. तो दुकानातून आणलेल्या ठाणाची घडी घालत होता. "कोन नाही म्हनलं तुले?" त्याने विचारलं. मी आठवू लागले. खुर्ची दर वेळी मांडलेली असे. शिपाई ती पुसतही असे. बस म्हणणारे तर खुद्द भासरे. "मंग भांडन कोनासंग हाय?" नवरा म्हणाला. चुलीवर दूध आहे असं सांगून मी आत गेले. समोर माणूस असला की मला भांडता येतं. इथे समोर कोणीच नव्हतं, ही मोठी पंचाईत होती.

मास्तरणीने पुन्हा अर्ज केला. दिवाळीपूर्वीची एक सभा उरली होती. मी दुकानातली खुर्ची घरी आणवली आणि डाळ-तांदूळ निवडायचं काम तिच्यावर बसून करू लागले. एकटी असताना छान जमे. भासऱ्यांचं खाकरणं किंवा सासूबाईंची काठी ऐकू आली की मी जमिनीवर. मी उतरत असे म्हणणं बरोबर नाही. मी जमिनीवर सापडत असे. एकदा सासूबाईंनी विचारलं, "काय सांडलं वं?" काही नाही म्हटलं. "मंग खाली काय धुंडून राह्यली?" शेवटी मी खरं सांगितलं की खुर्चीवर बसायला शिकते आहे. त्यांनी खुर्ची सगळ्या बाजूंनी पाहिली. "आमच्या वक्ताले खुर्चीच नव्हती," त्या म्हणाल्या. "लय सोपं होतं."

निश्चय मी पुष्कळदा केला. पण निश्चय मनात होई आणि गुडघ्यांपर्यंत त्याची बातमी पोचत नसे. मन घट्ट करा असं सांगणारी माणसं मला पुढे खूप भेटली. त्यांतल्या एकानेही गुडघ्यांचं काय करायचं ते सांगितलं नाही. तेव्हा मी मनाचा नाद सोडला आणि खुर्चीकडे लक्ष दिलं.

सभेच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले. खुर्चीत बसले आणि शिपायाला सांगितलं, टेबलाला पोट लागेपर्यंत खुर्ची पुढे लोट, आणि मागे शाळेची लोखंडी पेटी आणून लाव.

"बाई, उठता नाही येनार," तो म्हणाला.

"म्हनूनच," मी म्हटलं.

एकेक सभासद आले. पाहून न पाहिल्यासारखं करून बसले. मग भासरे आले. माझ्या गुडघ्यांनी आपलं नेहमीचं काम केलं. मांड्या टेबलावर आपटल्या, मागे पेटी होती, मी ना वर ना खाली अशी लटकले आणि सावरायला टाकलेला हात दौतीवर पडला. हिरव्या कापडावरून शाई अध्यक्षांच्या नियमांच्या पुस्तकाकडे निघाली. मी पुन्हा खुर्चीत आदळले.

भासरे शाईकडे पाहत राहिले. शिपाई फडकं आणायला पळाला होता, त्यामुळे निरोप न्यायला खोलीत माणूसच नव्हता. "बसा," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "शाई सांडली."

"कापड धुतल्या जाईन," मी म्हटलं. "खोलीचा विषय घ्या."

विषय निघाला. भासरे म्हणाले, सरकी पावसात ठेवायची काय? त्यांना काय म्हणून हाक मारावी हे मला माहीत नव्हतं, कधी वेळच आली नव्हती. म्हणून मी त्यांना सभासद म्हटलं. सभासदांच्या घरचा गोठा अर्धा रिकामा आहे, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, हे बाईंना कसं माहीत? मी म्हटलं, सकाळीच झाडला. व्यापाऱ्यांनी तोंडावर रुमाल धरला. फडकं घेऊन परतलेला शिपाई दोघांकडे आळीपाळीने पाहत उभा राहिला. त्याच्या हातचं काम गेलं होतं, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

मतं झाली. भासऱ्यांचा हात विरुद्ध, माझा बाजूने, आणि दोघांमध्ये फक्त शाईचा डाग. अध्यक्षांनी हात पुन्हा पुन्हा मोजले, तरी चार विरुद्ध तीनच भरले.

दिवाळीआधी मास्तरीण खोलीत राहायला गेली. माझी मुलगी चौथी पास झाली आणि तिला पाहायला यायच्या पाहुण्यांना बरीच वर्षं थांबावं लागलं. सरकी आमच्या गोठ्यात आली.

त्या सभेच्याच संध्याकाळी मात्र भासरे ओसरीवर बसून खांबाला म्हणाले, "पानी पाठवा म्हना." मी आतून मुलीच्या हाती तांब्या पाठवला. पुढे कमिटीत आम्ही वर्षानुवर्षं टेबलावरून थेट भांडलो. एकदा त्यांनी मला हेकट म्हटलं आणि मी ते कामकाजात लिहून घ्यायला लावलं. घरी एक शब्द नाही. घरातली काही निकडीची गोष्ट असली की दोघंही सभेच्या तारखेची वाट पाहत असू. सरकीच्या भाराने गोठ्याची भिंत फुगली, तेव्हा गवंडी कोणता लावायचा हे आम्ही कमिटीतच, आयत्या वेळच्या विषयांत ठरवलं. हा शाळेचा विषय नव्हे, अशी अध्यक्षांनी हरकत घेतली. ती बहुमताने फेटाळली गेली, आणि त्या वेळी भासऱ्यांचा हात माझ्या बाजूने होता.