खडकाईच्या सांदीतून

पाथर्डीच्या गाडीतून फाट्यावर माझ्याखेरीज कोणी उतरलं नाही. कंडक्टर म्हणाला, "बाबा, हितं काय हाय?" मी म्हटलं, "डोंगर." त्यानं घंटी मारली आणि गाडी गेली.

समोर खडकाईचा डोंगर. डोंगर कसला, उन्हात भाजलेला कातळाचा गड्डा. माथ्यावर देवीची घुमटी आहे. माझी बायको दर उन्हाळ्यात देवीला भाकरी-कांदा घेऊन यायची आणि मी तिच्या मागं यायचो. दिवाळीनंतर ती वारली. देवीवर माझा फार भरोसा नाही. पण नेम तिचा होता, आणि तो यंदाच तुटावा हे मला पटेना. नगरला सावेडीत मुलाकडे राहतो. तो म्हणाला, "आप्पा, ती कातळातली सांद आता तुम्हाला झेपायची नाही. घरूनच हात जोडा." मी भाकरी फडक्यात बांधली आणि निघालो.

फाट्यापासून पायथ्यापर्यंत नुसता माळ आहे. वाट अशी नाही, शेळ्यांनी पाडलेल्या रेघा आहेत, त्यातली कुठलीही धरली तरी चालते. तरवड, निवडुंग, मधेच एखादी खुरटी बोर. टेकावं अशी सावली नाही. कुसळं (वाळल्या गवताची टोकदार बीजं) धोतरात घुसतात आणि पार घरापर्यंत टोचत राहतात. ओढा ठणठणीत कोरडा. जाणाऱ्यानं पाणी घरून न्यावं. माझी बाटली ओढ्यापर्यंतच निम्मी झाली.

पुढं निम्मा डोंगर धोंड्यांवरून हात टेकत चढायचा. दगड तापलेले असतात, हाताला फडकं गुंडाळावं. मोठा धोंडा हलत नाही, लहान दगडावर भार टाकू नये. मी टाकला. नडगी सोलली आणि चपलेचा अंगठा तुटला. चपला तिथंच ठेवून अनवाणी सांदीपाशी (कातळातली उभी चीर) आलो. सांदीत ऊन पडत नाही, म्हणून तळवे वाचले.

सांदीत कुणी जुन्या काळी खोबण्या (पाय ठेवायचे खळगे) कोरल्या आहेत, एक या अंगाला, एक त्या अंगाला. देवाला जायचं म्हणून उजवा पाय आधी टाकला. खाली खोबण्या जवळजवळ आहेत, कुठलाही पाय चालतो. निम्म्यात मात्र कातळ पोट काढून पुढं आला आहे. तिथं पोचलो आणि अडलो. पुढची खोबणी उजव्या अंगाला लांब, आणि उजव्याच पायावर माझा सगळा भार. मोकळा होता तो डावा. पाय बदलायला जागा नाही.

खालून आवाज आला. एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती.

"काय ओ पाव्हनं, पालीवानी काय चिटकलाय?"

"अडकलोय."

"दिसतंय ते. कोनता पाय आदी टाकला?"

"उजवा. देवीला चाललोय, डावा टाकू व्हय?"

"देवी वर बसलीय. हितं नुसता दगुड हाय. उतरा खाली अन् डाव्यानं चढा."

"पडलो तर?"

"माज्या शेळ्या बुजत्याल. सावकास उतरा."

उतरलो आणि खाली बसलो. इतकी वर्षं ही सांद चढलो आणि कोणता पाय आधी, हे मला ठाऊक नव्हतं. बायको पुढं असायची. तिची टाच ज्या खोबणीतून निघायची त्यात मी पाय घालायचो. त्या टाचेची भेग न् भेग आजही सांगीन. पाय डावा की उजवा, ते बघायची गरजच पडली नाही.

म्हातारीनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "दरसाल जोडीनं येता न्हवं तुमी? मालकीन कुटं हाय?"

"गेली."

काठीनं एक शेळी हटवत ती म्हणाली, "मंग भाकर उचला तिची. ह्या रांडा वास काढाय लागल्यात."

डावा पाय टाकला. कातळाच्या पोटाशी आलो तेव्हा उजवा मोकळा होता. चढलो.

वर सांगण्यासारखं फार नाही. वारा आहे, लांब पवनचक्क्या दिसतात, घुमटीत शेंदूर फासलेला तांदळा (देवीचा ओबडधोबड दगड). भाकरी ठेवली, कांदा बुक्कीनं फोडला. बायको भाकरीचे तीन वाटे करायची. मी दोन केले, एक देवीचा, एक माझा. खाल्ला. उतरताना कातळाकडं तोंड ठेवलं आणि घाई केली नाही. खाली आलो तर म्हातारी शेळ्या घेऊन माळाला लागली होती. तिनं मागं वळून काठी वर केली, मीही हात केला. धोंड्यांतून चपला उचलल्या, तुटका अंगठा सुतळीनं बांधला.

दिवेलागणीला नगरच्या स्टँडवर उतरलो. मुलगा स्कूटर घेऊन उभा होता. सुतळीनं बांधलेली चप्पल आणि नडगी बघून त्यानं तोंड वाकडं केलं.

"वर गेलात का?"

"गेलो."

स्कूटर सुरू करत तो म्हणाला, "पुढच्या साली मी येतो बरोबर."

पाहावं असं तिथं काही नाही, तरी मी पुन्हा जाणार. म्हटलं, "ये. पण सांदीत पुढं मी."