मावंद्यात उठलेली बाई

पडदा वर जातो तेव्हा अकोल्याच्या जठारपेठेतलं एक ऐसपैस अंगण दिसतं. शेणानं सारवलेलं, वर कनातीचं कापड ताणलेलं. चौरंगावर गंगेच्या पाण्याचे लाखबंद गडू, त्यांना झेंडूच्या माळा. पत्रावळी मांडून झाल्या आहेत आणि आतून ताज्या भाताचा, साजूक तुपाचा वास येतो आहे. यात्रा करून परतलेल्यांनी गंगेची पूजा करायची आणि आल्यागेल्याला जेवू घालायचं, ते हे मावंदं. मधोमध उभे आहेत कमलाकांतशास्त्री. उंच, गोरे, अंगावर सोवळ्याची धाबळी, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावा. वऱ्हाडातली माणसं बद्रीकेदारला नेण्याची त्यांची ही चौथी खेप.

आणि मागं, विहिरीच्या कठड्यापाशी, जिथं विधवांना बसवत तिथं, मनकर्णाबाई. यात्रेला निघाली तेव्हा ती सवाष्ण होती.

"आणि मग त्या शुभ्र पर्वतानं हात पुढे केला!" शास्त्रीबुवा सांगत होते. "आमच्या सहदेवाला शंकरानं स्वतः उचलून नेलं. अक्षय्य तृतीया, केदाराच्या दाराशी! मंडळी, असं मरण मागून मिळत नाही." त्यांनी हात जोडून वर नेले. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. बर्फ उकरताना गेली होती ती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

किसनराव उठून उभा राहिला. मनकर्णाबाईच्या धाकट्या बहिणीचा, गोदाबाईचा नवरा. "महाराज, पुढच्या साली मी अन् गोदा. पक्कं समजा."

विहिरीपाशी बसलेल्या बाईची कानशिलं तापली.

मूर्तिजापूरकडच्या तिच्या गावात तिचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. बैल उधळला तर लोक म्हणत, मनकर्णाबाईले बोलवा, एक आवाज देईल. सहदेव मात्र तिचं सगळं ऐकून घेई आणि हसून म्हणे, "झालं? आता भाकर वाढ." गावच्या दंडारीत, म्हणजे सोंगांच्या खेळात, दरसाल तो शंकर व्हायचा. अंगभर राख, गळ्यात चिंध्यांचा नाग, हातात पऱ्हाटीच्या काडीचा त्रिशूळ. तो रिंगणात आला की म्हाताऱ्यासुद्धा खऱ्याखुऱ्या पाया पडत. "एवढ्या वर्षांचं त्याचं सोंग घेऊन राहिलो," तो बायकोला म्हणायचा, "एकडाव त्याचं घर तं पाहून येऊ."

तर ते घर पाहायला ती दोघं शास्त्रीबुवांसोबत गेली. खाली वैशाख पेटलेला होता. गौरीकुंडाच्या वर मात्र हिवाळा हटायला तयार नव्हता. डोंगराच्या घळी बर्फानं बुजलेल्या, वर कडे लोंबलेले. तिथल्या चट्टीवर, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या झोपडीत, आदल्या संध्याकाळी शास्त्रीबुवांनी सगळ्यांना समोर बसवून बजावलं होतं, "रात्री हे बर्फ गोठून दगड होतं. उन्हानं सैल पडलं की कडाच्या कडा खाली सुटतो. पुढची घळ उजाडायच्या आत ओलांडायची. जो रेंगाळेल त्याला इथंच ठेवून जाईन." चांगलं समजावलं होतं. भीतीनं कोणाला नीट झोप लागली नाही.

सकाळी अंधारातच सगळे कांबळी गुंडाळून तयार झाले. शास्त्रीबुवांची अंघोळ झाली. त्यांच्या पत्नीनं, रमाकाकूंनी, सोवळ्यात नैवेद्याचा भात केला. देवळाचं दार उघडायच्या दिवशी आपल्या हातचा नैवेद्य न्यायचा, हा बुवांचा नेम. इतक्यात ओझं उचलणाऱ्या एका हमालाचं कांबळं भाताच्या पातेल्याला लागलं. झालं! भात बाहेर फेकला. पुन्हा बर्फ वितळवलं, पुन्हा अंघोळ, पुन्हा चूल. लाकडं ओली. फुंकून फुंकून रमाकाकूंचे डोळे सुजले. ऊन आधी शिखरावर आलं, मग उतारावर, मग चुलीपाशी. हमाल म्हणाले, आज राहा, उद्या पहाटे जाऊ. शास्त्रीबुवा म्हणाले, "तृतीया उद्या नाही."

घळीत सगळ्यांत पुढे सोवळ्याचा डबा घेतलेले शास्त्रीबुवा, मग बाकीची मंडळी. शास्त्रीबुवांचं अंथरूण सहदेवाच्या पाठीवर होतं. "अंतर ठेव रे, शिवशील," असं बुवांनी दोनदा म्हटलं, म्हणून तो भला माणूस सगळ्यांत मागे राहिला. मनकर्णाबाई घळीच्या पलीकडे पोचली होती. जिनातली कापसाची गंजी एकदम ढासळावी तसा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. पांढरा धुरळा. धुरळा बसला तेव्हा घळ होती, सहदेव नव्हता.

डबा टाकून सगळ्यांत आधी मागे धावले ते शास्त्रीबुवाच. नुसत्या हातांनी उकरत राहिले. तेही तिनं पाहिलं होतं. म्हणूनच तिचा राग सरळ एका जागी बसत नव्हता; जितकी ती नखं आठवत, तितका तो भातही आठवे.

आता अंगणात ती उठली.

"शास्त्रीबुवा, अर्धंच काहून सांगून राहिले?"

पंगतीतून कोणी म्हणालं, "बस व बाई, मावंदं आहे."

"मावंदं माह्यंही हाये. मी बी गेलती तिथं."

"मनकर्णाबाई," शास्त्रीबुवा हळू आवाजात म्हणाले, "तुमचं दुःख आम्ही जाणतो..."

"दुःख माह्यं मी पाह्यन. तुमी भात सांगा. फेकलेला भात सांगा यायले!"

"ईश्वरेच्छेपुढे आपण..."

"शंकरानं उचलून नेला म्हन्ता? अवो, शंकराले न्याचाच होता तं दंडारीतून न्याचा होता! तिथं तं थो दरसाल राख फासून तयारच उभा राहे. एवढ्या दूर बर्फात काहून बोलावलं त्याले?"

कोणाला तरी हसू फुटलं आणि तिथंच विरलं.

किसनराव कावराबावरा झाला. "मोठीबाई, चार लोकाईत काय हे?"

"चार लोकाईतच! तुमी नाव देऊन मोकळे झाले किसनभाऊ. तुमच्यामांगं माही बहीन चालनार हाये त्या घळीतून. अन् पुन्हा कोनाचं कांबळं लागलं तं? पुन्हा चूल?"

वाढायला भात घेऊन आलेल्या रमाकाकूंनी पातेलं खाली ठेवलं. नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "दुसरा भात उतरवला तेव्हा ऊन माझ्या हातांवर होतं. अहो, सांगून टाका."

शास्त्रीबुवा आपल्या नखं नसलेल्या बोटांकडे पाहत राहिले. एरवी अंगण भरून टाकणारा आवाज पुढच्या पत्रावळीपर्यंतही पोचेना. "मला ठाऊक होतं. ऊन चढल्यावर घळीत शिरू नये, हे मीच सांगितलं होतं. उशीर माझ्या सोवळ्यापायी झाला. तरी मी नेलं."

सगळ्यांना वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल, पंगत सुरू होईल.

"हे त्या सकाळी म्हनाचं होतं," मनकर्णाबाई म्हणाली आणि न जेवता फाटकाबाहेर गेली.

पुढच्या चैत्रात अकोल्याच्या स्टेशनावर यात्रेची मंडळी जमली. किसनराव आणि गोदाबाई जाणारच होती. मनकर्णाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन पोचवायला आली, चेहरा तसाच तापलेला. शास्त्रीबुवा डब्यातून उतरून तिच्यासमोर आले. "यंदा घळीच्या अलीकडे चूल पेटणार नाही. अंघोळ, पूजा, नैवेद्य, सगळं पलीकडे. शब्द देतो."

"पाहू," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मग किसनरावाला, "अन् तुमी कोनाचं अंथरून वाहू नका. ज्याचं त्याच्या पाठीवर."

गोदाबाई खिडकीशी बसली होती. अंग धुतल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई ती. बहिणीचा हात धरून कुजबुजली, "मोठीबाई, बिना आंघोळीची, पारोशी, देवाच्या वाटेले कशी लागू व मी?"

शिट्टी झाली. गाडी हलली. मनकर्णाबाई खिडकीचा गज धरून सोबत चालू लागली, मग धावू लागली, आणि उधळलेला बैल जागीच थांबावा अशा आवाजात ओरडली,

"पारोशीच चाल, गोदे! थो म्हातारा तिथं कवापासून बसून हाये, तुह्या आंघोळीपायी पयून नाही जात! आधी बर्फ वलांड!"