गळती काकांच्या जोडातून नव्हती

गेल्या आठवड्यात मी याच ग्रुपवर लिहिलं होतं, की खापरखेड्याच्या मेकॅनिक काकांनी माझ्या जुन्या कॅम्पर व्हॅनचं इंजिन नीट जोडलं नाही, म्हणून तेल गळतं. ते वाचून तुमच्यापैकी दोघांनी काकांकडे गाडी नेणं रद्द केलं.

आज सकाळी इंजिन धुऊन कोरडं केलं, प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर मारली आणि वीस मिनिटं गाडी चालवली. तेल टपकत होतं ते काकांनी बसवलेल्या मागच्या जोडाखालीच. पण जोडाची फट कोरडी होती. हे इंजिन हवेवर थंड होतं आणि त्या हवेचा झोत तेल कुठल्या कुठे नेतो. पावडरीवरचा ओला माग धरत मी पुढे गेले, तर तो इंजिनाच्या डाव्या बाजूच्या झाकणापाशी, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरपाशी सुरू होत होता.

ते कव्हर काकांनी नाही, मी लावलं होतं. उघडलं, तर तेल अडवायला कव्हरखाली बसवलेल्या माझ्या नव्या गॅस्केटखाली जुन्याचा तुकडा तसाच चिकटलेला. तो खरवडला, गॅस्केट बदललं, पुन्हा पावडर मारून वीस मिनिटं चालवली. सगळं कोरडं.

काकांना फोन करून हे सांगितलं.

"तू गळतीचं सांगितलं, मले तेव्हाच विचारायचं होतं, ते कव्हर कोनं लावलं म्हणून."

"मग विचारलं का नाही, काका?"

"तू विचारू देत होती का वं? तू तं मलेच शिकवून राहिली होती!"

जुनी पोस्ट काढलेली नाही. तिच्याखाली दुरुस्ती लिहिली आहे. ज्या दोघांनी काम रद्द केलं, ते काकांना फोन करतील का?