आतला सिनेमा

मारधाडीचा सिनेमा सांगावा तर मीच, असं अमरावतीला आमच्या खोल्यांवर सगळे म्हणत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, पण आतून फुगायचो. आता पंचेचाळिशी उलटली. त्या सांगण्यापायी दोन माणसांचं काय झालं, हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की मी सिनेमाला येत नाही.

अठ्ठावन-एकोणसाठची ती वर्षं. आम्ही बी.ए.ला होतो, विशी ओलांडलेले. एका लांबट कौलारू इमारतीत सात खोल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या होत्या. प्रत्येक नव्या सिनेमाला सगळ्यांचं जाणं होत नसे. मग एकानं पाहून यायचं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून बाकीच्यांना सांगायचा, अशी रीत होती. सांगणाऱ्यानं घोड्याच्या टापांपासून खलनायकाच्या हसण्यापर्यंत सगळं करून दाखवायचं.

तलवारबाजीचा एक सिनेमा मी असाच सांगत होतो. दोन शूर गडी, आधी वैरी, मग जिवलग. मध्ये एक राजकन्या. सांगता सांगता सहज बोलून गेलो, "ही राजकन्या कायले ठेवली, मले समजलं नाई. ती आली का हिरो झाडाकडं पायते. अन् दोस्ताच्या खांद्याले तलवार लागली तं सोताचा सदरा फाडून बांधते. बांधून झालं तरी हात काढत नाई."

 असा हशा पिकला की घरमालकीण बाहेर आली.

तेव्हापासून चटक लागली. माझं सांगून संपलं की कोणीतरी म्हणायचंच, "बाहेरचा झाला बे. आता आतला सांग."

आणि आतला मला दिसायचा. साखळदंडानं एकाच खांबाला बांधलेले दोघं. एका घोड्यावर मागेपुढे बसून नदी ओलांडणारे दोघं. तेल चोपडलेल्या छात्या, कानाशी आलेलं तोंड, आणि हरलेल्याला उठवताना जिंकणाऱ्याचा लांबलेला हात. मी म्हणायचो, बाईचा नुसता हात धरला तरी सेन्सॉरची कात्री लागते. दोन गडी दहा मिनिटं एकमेकांच्या अंगावर लोळले तर त्याला मारामारी म्हणतात. पोरं टाळ्या द्यायची. मला हे सगळं कसं दिसतं, हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

उत्तर माझ्याच खोलीत, पलीकडच्या खाटेवर झोपायचं. तो दर्यापूरकडचा होता. घरी काळी जमीन, दोन मोठे भाऊ, आणि हा शिकायला धाडलेला. पहाटे आखाड्यात जायचा म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणायचे. उजाडल्यावर परत यायचा तेव्हा खोलीभर मातीचा, हळदीचा, ताकाचा वास भरायचा. मी डोळे मिटून पडलेला असायचो. झोपलेला नसायचो. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

माझ्या आतल्या सिनेमाला तो कधी हसला नाही. ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "मंग तो दोस्त मेला का वाचला?"

आखाड्यात त्याचा जोड होता अकोटकडचा. आमच्याच कॉलेजातला, अंगानं बारका, पण विजेसारखा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला. त्यानं हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, उतरू नये असं काही जुन्या मंडळींच्या मनात होतं. पण आता तसं उघड बोलायची सोय राहिली नव्हती, आणि पहिलवानानं वस्तादांना सांगून ठेवलं होतं, "तो नाई उतरत, तं मी बी नाई उतरत." वस्तादांना कॉलेजांच्या कुस्त्यांत पहिलवान हवा होता. म्हणून दोघंही उतरले. दोघं मिळून हौद्याची माती खणायचे, तिच्यात तेल आणि ताक जिरवायचे, आणि झोंबी झाल्यावर एकमेकांच्या पाठीवर माती टाकून घाम जिरवायचे. सगळेच जोड तसं करतात. आखाड्याची ती पद्धतच आहे.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं सिनेमाला गेलो. पडद्यावर किल्ल्याच्या तटावर लढाई चालली होती. पहिलवानानं जोशात अकोटच्याचं मनगट पकडलं. लढाई संपली. गाणं लागलं. गाणंही संपलं. हात तिथंच होता. पुढचं मी पडद्यावर काहीच पाहिलं नाही.

संध्याकाळी ते दोघं आखाड्यात गेले आणि मी ओट्यावर बसलो. "आतला सांग," कोणीतरी म्हणालं. मी सांगितला. किल्ल्याच्या जागी हौदा आला, तलवारींच्या जागी कुदळी. पाठीवर माती कशी टाकतात, कोण कोणाची पुसतो, कोण कोणासाठी वस्तादांशी भांडतो, सगळं रंगवून सांगितलं. नाव एकाचंही घेतलं नाही. आजही घेत नाही, पण तेव्हा मी भित्रेपणानं घेतलं नव्हतं. सगळे पोट धरून हसले. त्या दिवशी माझ्या अंगात जे शिरलं होतं त्याला मत्सर म्हणतात, आणि मला तो पहिलवानाचा नव्हे, अकोटच्याचा वाटत होता.

आठ दिवसांत ती गोष्ट आखाड्यात पोचली. पोचेपर्यंत तिला हात-पाय फुटले होते, सांगणाऱ्याचा मात्र पत्ता उरला नव्हता. पहिलवानाला 'लंगोटाचा सच्चा नाही' म्हणणं, त्याचं ब्रह्मचर्य खोटं ठरवणं म्हणजे काय, हे आखाडा पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. शिवाय ज्यांना अकोटच्याबद्दल जातीची जुनी गोष्ट बोलता येत नव्हती, त्यांना ही नवी मिळाली.

वस्तादांनी दोघांना बोलावलं. पहिलवान मला म्हणाला, "चाल ना बे संगं. तू बोलाले हुशार हायेस." मी गेलो.

वस्ताद माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "मारुतीच्या पायावर हात ठेवा अन् सांगा, आमी लंगोटाचे सच्चे. बस. मंग ज्यानं तोंड उघडलं त्याचं थोबाड मी फोडतो."

अकोटचा म्हणाला, "तुमच्या पायावर हात ठेवतो, वस्ताद. मायची शपथ घेतो. मारुतीची नाई घेऊ शकत."

"काहून?"

"छप्पन साली बापासंगं उभा राहून बोललो, या देवाईले मानणार नाई म्हनून. ते कसं मोडू?"

मागं जमलेल्या आखाड्यातल्या पोरांतून कोणीतरी ओरडलं, "बहाना पाय, बहाना! पोटात पाप हाये म्हनून भेते देवाले."

"भेत नाई. मानत नाई," तो म्हणाला. पण ऐकायला कोण थांबलं होतं? वस्तादांनी मान खाली घातली. अकोटच्यानं शब्द मोडला असता तर तो सुटला असता. पाळला म्हणून गुन्हेगार ठरला.

"तू घे," वस्ताद पहिलवानाला म्हणाले. पहिलवानानं जोडाकडे पाहिलं. त्यानं किंचित मान हलवली, घे म्हणून. पहिलवानानं शेंदरी पायावर हात ठेवला आणि जे सांगितलं होतं ते बोलला.

मग वस्ताद माझ्याकडे वळले. "तू तं याच्या खोलीतच राहतं. हे कोनं काढलं रे? तुले काही ठाव हाये?"

एक वाक्य पुरलं असतं. मी रचलं, हसवायला रचलं. तेवढ्यात सगळं मिटलं असतं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता: तुलाच हे कसं सुचलं? म्हणून मी म्हणालो, "मले काही ठाव नाई, वस्ताद."

अकोटच्याचा आखाडा सुटला. त्याच्या दारावर कोळशानं काहीबाही लिहिलेलं सापडायला लागलं. त्याची पाण्याची घागर कोणीतरी फोडली. परीक्षेच्या आधीच त्यानं अमरावती सोडली. ओट्यावरच्या चौघा-पाचांना मूळ ठाऊक होतं, पण ते हसले होते, म्हणून तेही गप्प राहिले. पहिलवान पुन्हा हौद्यात उतरला नाही. वर्ष संपल्यावर वळकटी बांधताना मला म्हणाला, "तू त्या दिवशी संगं आला. बरं वाटलं मले."

पुढे मी अकोल्याला एका कचेरीत कारकून झालो. लग्न झालं, मुलं झाली. नऊ वर्षांनी पातूरकडच्या एका बंधाऱ्याचे कागद घेऊन एक ओव्हरसियर माझ्या टेबलासमोर उभा राहिला. अकोटचा. केस विरळ झालेले, नजर तीच. त्यानं मला लगेच ओळखलं. आम्ही कचेरीबाहेर चहाला बसलो, आणि मी एका दमात सांगून टाकलं, ते मी रचलं होतं.

"मले ठाव हाये," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तवापासून. एक जन मेसमधी सांगून राहिला होता, तुह्याच ढंगात. तसं सांगनं दुसऱ्या कोनाले येते?"

"मंग वस्तादापुढं बोलला काहून नाई?"

"वाटलं, तू बोलशीन."

 आणि मग मी जे केलं ते रचण्यापेक्षा वाईट होतं. पुढे वाकून विचारलं, "पन खरं सांग, तसं काही होतं का?"

त्यानं बंधाऱ्याचे कागद गोळा केले. "माफी मागाले बसला, अन् इचारून हे राहिला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मले शपथ घ्याच लागली नाई, मी सुटलो. त्याले घ्या लागली. गेल्या साली भेटलो त्याले. दोन लेकरं गेली त्याची. मले म्हने, मारुतीपुढं खोटं बोललो, त्याची सजा हाये."

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं.

"त्याले वाटते देवानं पाह्यलं," तो उठत म्हणाला. "जाय, त्याले सांग. देवानं नाई, तू पाह्यलं, तूच सांगितलं म्हनून."

पुढच्या सुट्टीला मी दर्यापूरची गाडी धरली. गावाच्या फाट्यावर उतरून चालत गेलो. पहिलवान अंगणात सरकी काढत होता. मला पाहून धावतच आला, "अबे, तू! माय वं, कोन आलं पाय!" त्याची बायको बाहेर आली. दिवस गेलेले होते, सातवा-आठवा असावा. तिनं भाकरी आणि झुणका वाढला. ती आत गेल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "तू शिकलेला हायेस. देव असा डूख धरते का रे?"

"नाई धरत," मी म्हणालो.

"तू म्हनतं म्हनून बरं वाटते," तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं काही दिसलं नाही. मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

निघताना तो मला सोडायला फाट्यापर्यंत आला. माझी पिशवी त्यानं माझ्या हातात दिलीच नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं पिकाचं सांगितलं, भावांच्या वाटणीचं सांगितलं. गाडी दीड-दोन तास आली नाही. तेवढा वेळ तो माझ्याजवळ उभा होता, आणि सांगायला आलो होतो ते मी सांगितलं नाही.