मशीनमधले नऊ इंची चौकोन

माझ्या हातून आयुष्यात एकच कपडा आटला, आणि तो नेमका सुनेचा निघाला.

बंगळूरच्या चामराजपेटेत मी चाळीस वर्षं शर्ट-पँटी शिवल्या. आमचं घराणंच शिंप्याचं. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. नवं सुती कापड भिजवून वाळवल्याशिवाय मी त्याला कधी कात्री लावली नाही. एखादा घाई करायला लागला की त्याला सांगायचो, शेजारच्या दुकानात जा, तिथे तुमच्या मापाचा शर्ट मिळेल आणि दोन धुण्यांनंतर तो तुमच्या मुलाला होईल. राग नाकावर होता, पण काम चोख होतं. पुढे रेडीमेडने गिऱ्हाईक पळवलं, सुईचं नेढंही दिसेनासं झालं, तेव्हा दुकान बंद केलं आणि आम्ही नवराबायको मारतहळ्ळीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो.

मुलगा आणि सून दोघंही रिंग रोडवरच्या कंपन्यांत कामाला. सून पुण्याची, हुशार, कमी बोलणारी. सकाळी दोघं बाहेर पडली की मी बाल्कनीत बसून समोरची ट्रॅफिक बघायचो. आठवडाभरात त्याचा कंटाळा आला. त्या घरात मला कळेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कपडे. मी जाहीर करून टाकलं की आजपासून वॉशिंग मशीन माझ्याकडे. बायको म्हणाली, जन्मात स्वतःचा बनियन धुतला नाहीत, आता घराचं धुणं काढणार. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मशीनच्या गोल बटणाभोवती नावं होती. कॉटन, मिक्स, सिंथेटिक, डेलिकेट, क्विक. मला वाटलं, हे तर आपल्याच दुकानातले कप्पे. सुनेचा हातमागाचा नवा कोरा कुर्ता धुण्यात होता. शुद्ध सुती कापड, म्हणून बटण कॉटनवर नेलं. खाली साठ हा आकडा उमटला, तो कशाचा हे मी पाहिलंही नाही. अडीच तासांनी कुर्ता बाहेर काढला तेव्हा तो बारा वर्षांच्या मुलीला बरोबर बसला असता. ज्या माणसाने जन्मभर लोकांना आटण्यावर प्रवचनं दिली, त्याने कोरा हातमाग उकळत्यासारख्या पाण्यात घातला होता.

सुनेने कुर्ता घडी करून कपाटात ठेवला. बोलला तो मुलगा.

"अप्पा, उद्यापासून तुम्ही मशीनला हात लावू नका. आम्ही बघतो."

मला ते फार लागलं. चूक झाली एवढं म्हणायला हवं होतं, पण मी म्हणालो की मशीनवर नावंच चुकीची लिहिली आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्यानंतर बरेच दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. शिंप्याने ज्या घरात कपड्याला हात लावायचा नाही, त्या घरात त्याने करायचं तरी काय?

इकडे दुधाने तोंड पोळलेली सून ताक फुंकून पिऊ लागली. घरातलं सगळं धुणं ती सकाळच्या घाईत पंधरा मिनिटांच्या क्विकवर लावायची. ड्रम ठासून भरलेला, त्यावर दोन मापं पावडर. आटायचं भय नाही आणि ऑफिसलाही उशीर नाही. पण मी कपड्यांच्या घड्या घालायचो, आणि माझी बोटं काही निवृत्त झाली नव्हती. कॉलर चिकट लागायची. तिच्या काळ्या पँटीवर पांढरे फराटे दिसायचे. मुलगा मान खाजवत ऑफिसला जायचा आणि बंगळूरच्या धुळीला शिव्या द्यायचा. शर्ट नाकाशी नेला की आत घाम आणि साबण दोन्ही शिल्लक आहेत हे मला कळायचं. पण सांगणार कोणत्या तोंडाने?

एका रविवारी माझ्या डोक्यात आलं की दुकानात कापड नवीन आलं की आपण काय करायचो. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचो का? एक तुकडा मापून कापायचो, धुवायचो आणि पुन्हा मापायचो. कातरणीने भरलेली उशीची खोळ मी चामराजपेटेहून सोबत आणली होती. ती फेकून द्या म्हणून बायको रोज माझ्या मागे लागायची. त्यातून पॉपलिन, हातमाग, टेरिकॉट आणि पँटीचं काळं कापड काढून नऊ-नऊ इंचांचे चौकोन कापले. कडा दुमडून शिवल्या. प्रत्येकावर खोबरेल तेल, सांबार आणि माझ्या स्वतःच्या मानेचा घाम चोळला. खडूची खूण धुण्यात टिकत नाही, म्हणून कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके घातले. क्विकला एक टाका, मिक्सला दोन, कॉटन साठला तीन, डेलिकेटला चार.

मग सुनेला म्हणालो, "कपडे तुझे, बटणही तूच दाब. माझे एवढे चौकोन तेवढे आत जाऊ देत."

ती हसली. "चालेल अप्पा, टाका." एवढंच म्हणाली. कुर्त्यानंतर ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली होती.

साठवर घालायला मात्र तिचे कपडे मागायची माझी हिंमत नव्हती. तिथे घरातले टॉवेल आणि पलंगपोस लावले. तीन आठवडे हे चाललं. बाल्कनीत दोरीवर ओळीने चौकोन वाळत पडलेले पाहून खालच्या मजल्यावरच्या आजींनी बायकोला कन्नडमध्ये विचारलं, अक्का, घरात बाळ झालं का? बायकोने त्यांना सांगितलं, बाळ म्हातारं आहे. ही गोष्ट तिने घरात चार वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी मुलगा हसला. मी मात्र टेप घेऊन मोजत होतो. मोजून झालं की प्रत्येक चौकोन फुलपात्रातल्या कोमट पाण्यात घुसळून बघायचो. फेस आला तर साबण राहिलाय.

निकाल असा लागला. क्विकवर माप नऊचं नऊ राहिलं, पण तेलाचा डाग तसाच आणि फुलपात्रात फेस वरपर्यंत. साठवर सगळे डाग गेले, पण हातमाग सव्वाआठवर आला आणि काळं कापड विटलं. डेलिकेटवर कापड मऊ राहिलं, पण सांबारही सुखरूप राहिलं. मिक्सवर, चाळीस डिग्रीवर, तेल आणि सांबार दोन्ही गेले, मापही टिकलं. थोडा फेस तेवढा उरला. मग मी सुनेला विनंती केली की एकदा दोनाऐवजी एक माप पावडर घाल, ड्रममध्ये वर वीतभर जागा सोड आणि एक खळबळणं जास्त दे. तिने तसं केलं. त्या दिवशी फुलपात्रातलं पाणी पिण्याच्या पाण्याइतकं स्वच्छ होतं. मी ते बायकोला नेऊन दाखवलं, तर ती म्हणाली, आता पिऊन दाखवा.

पुढच्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर सगळे चौकोन कापडाप्रमाणे ढीग करून मांडले, टाक्यांचे कोपरे खाली दुमडून. मुलाला आणि सुनेला बोलावलं. म्हटलं, मी काही सांगणार नाही, हाताने आणि नाकाने निवडा. मुलगा वैतागून बसला, पण बसला. सुनेने एकेक चौकोन चोळला, हुंगला, उजेडात धरला. तिने एक उचलला. मुलाने वेगळ्या ढिगातला दुसरा उचलला. मी दोन्हींचे कोपरे उलटले. दोन्हींवर दोन-दोन लाल टाके होते.

मला त्या क्षणी टेबलावर उभं राहावंसं वाटलं. गुडघ्यांनी परवानगी दिली नसती म्हणून राहिलो. मुलाने दोन्ही चौकोन पुन्हा एकदा चोळून पाहिले आणि म्हणाला, "सरी अप्पा, मान्य. तुम्ही जिंकलात."

जिंकलो होतो, म्हणूनच मला पुढचं बोलता आलं. मी सुनेला म्हणालो की तुझा कुर्ता माझ्या चुकीने गेला, मशीनच्या नाही. ती म्हणाली, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तुम्ही कधी म्हणता याची वाट बघत होते. मग तिने धुण्याची टोपली उचलून माझ्या खुर्चीशी आणून ठेवली.

आता रोजचं धुणं मिक्स चाळीसवर जातं. टॉवेल आणि चादरी साठवर. कोरं कापड आधी एकटं, थंड पाण्यात. क्विकलाही मी वाळीत टाकलं नाही. तासभर घातलेले दोन-चार शर्ट असतील तर तो पुरतो. मुलाची मान खाजायची थांबली आणि धूळ मात्र होती तेवढीच आहे.

काही महिन्यांनी सुनेची आई पुण्याहून राहायला आली. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही त्यांच्यासमोर आपण बाकावर बसलोय असं वाटतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी लेकीला मदत म्हणून धुण्याचा ताबा घेतला. ड्रम तोंडापर्यंत भरला, पावडरची दोन मापं ओतली आणि हात बटणाकडे नेला. मी समोरच बसलो होतो. जीभ नुसती वळवळत होती, पण पाहुण्यांना, त्यातून विहीणबाईंना, काय बोलणार?

सून दारात बूट घालत होती. एक बूट पायात, एक हातात, तशीच ती आत आली.

"आई, थांब. आमच्याकडे मशीन अप्पांना विचारून लावतात."

बाईंनी आधी लेकीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी माझी पुष्कळ वाहवा केली, पण इतका आनंद मला एकदाही झाला नव्हता. मी सावकाश उठलो, चष्मा लावला आणि म्हणालो, "विहीणबाई, आधी यातले निम्मे कपडे बाहेर काढा."