झाकणाचा वाटा

लातुरात मॉड्युलर सिंथेसायझर असलेली घरं किती, असं कुणी विचारलं की मी छाती पुढं काढून सांगायचो, "एक. आणि त्या घरात भांडण आहे."

हा बाजा सुटा मिळतो. हातभर पेटीत पत्र्याच्या उभ्या पट्ट्या स्क्रूनं बसवायच्या. एक पट्टी सूर काढते, दुसरी, म्हणजे फिल्टर, तो गाळते, तिसरी ठोका धरते. वायरींनी त्यांची एकमेकींशी ओळख करून दिली की जे वाजतं ते पुन्हा कुणाला वाजवता येत नाही, आपल्यालाही नाही. वीज मात्र पेटीच्या पोटातून मिळते. पेटीला झाकण असतं, आणि त्याला झाकण्यापलीकडं काही काम नसतं.

हे सगळं मी आणि माझ्या धाकट्या भावानं मिळून उभं केलं होतं. कोचिंग क्लासच्या जाहिरातींना आम्ही आवाज द्यायचो. निकाल सांगण्याआधी जी धडधड ऐकू येते, ती आमची. पट्ट्या जोडायच्या, वायरींना कथलाचे डाग द्यायचे, मापं घ्यायची ती त्यानं. गिऱ्हाइकासमोर हात उडवत वाजवायचं ते मी. एकदा एका क्लासच्या सरांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आमचा वायरमन." सर हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. भाऊ टेबलाखाली वायर शोधत होता. तो बराच वेळ तिथंच शोधत राहिला.

पुढच्या जूनमध्ये त्यानं नांदेडला शिकवायची नोकरी धरली.

वाटणी अण्णांसमोर झाली. आमच्याकडची रीत अशी की वडिलांदेखत थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्यानं लबाडी करू नये म्हणून पूर्वजांनी केलेली ही सोय. पण पूर्वजांची आणि माझी भेट झालेली नव्हती. मी एका बाजूला विजेसकट पेटी ठेवली, आत खरखरणाऱ्या चार पट्ट्या. दुसऱ्या बाजूला नुसतं झाकण, आणि त्यात सगळा उत्तम माल, भावानं तीन आठवडे खपून जोडलेल्या फिल्टरसकट. पेटी भारदस्त दिसत होती, झाकण भंगारवाल्याच्या पाटीसारखं.

"पेटी," भाऊ म्हणाला.

"बघून घे रे," अण्णा म्हणाले.

"बघितलं की."

मी दुःखी चेहरा केला. तो मला फार छान जमतो.

मग महिनाभर मी त्या मालाचा धनी होतो आणि एक सूर निघत नव्हता. नांदेडला फोन करून वीज मागायची? वायरमनकडं? त्यापेक्षा झाकणाचीच पेटी करावी, असं ठरलं. पट्ट्या बसवायला आडव्या रेल लागतात. त्या सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडून कापून घेतल्या.

"खिडकी कुठं बसवायची हाय?"

"खिडकी नाही, बाजा आहे."

"मग डासाची जाळी नगं?"

"नको."

"तुमची मर्जी. मागून म्हणू नका."

झाकण उथळ. विजेचा नवा सप्लाय आत ठेवला की पट्ट्या बसेनात, पट्ट्या बसवल्या की सप्लाय बाहेर. शेवटी तो कोपऱ्यात आडवा घातला, वर बुटक्या पट्ट्या आणि फिल्टर पार दुसऱ्या टोकाला. बाजूला भोक पाडून अडॅप्टरची पिन घेतली. आतली केबल उलटी लागली तर पट्टी जळते. भाऊ दोनदा बघायचा, मी सहादा बघितलं. दिवे लागले. सूर निघाला. टाळ्या मीच वाजवल्या.

खरं सांगायचं तर मला तो पुन्हा शेजारी बसायला हवा होता. माफी मागणं मात्र मला कधी जमलं नाही, म्हणून करामत घेऊन निघालो. झाकण मांडीवर, एसटीनं नांदेड.

त्यानं झाकण उलटंसुलटं केलं, एक पट्टी उघडून आत डोकावला. "डाग बरे दिलेस, दादा."

मी फुलून इकडंतिकडं बघितलं. टेबलावर त्याची पेटी होती. तिच्या डाव्या कुशीला नवं सॉकेट, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. शेजारी चार हात केबल गुंडाळून ठेवलेली.

"हे काय?"

"झाकणासाठी. पेटीतून वीज द्यायला."

"केव्हा केलंस?"

"वाटणी झाली त्याच आठवड्यात."

"म्हणजे माल कुठं ठेवलाय ते तुला दिसलं होतं?"

"पट्ट्या मीच जोडल्यात की."

"मग पेटी का उचललीस?"

"वीज माझ्याकडं राहिली तर येशील, वाटलं."

"आलो की मग."

"हाव," त्यानं मान डोलावली. "वीज घेऊन आलास."

चहा आला. त्यानं कप माझ्याकडं सरकवला. "चांगलं झालं. आता तुझं कुणावाचून अडत न्हाई."

इथं एक वाक्य बोलायला हवं होतं, फार मोठं नव्हे. मी त्याला रेलची गोष्ट सांगायला लागलो. खिडकीवाल्याचा आवाज काढला, डासाची जाळी रंगवली, सप्लाय कसा आडवा घातला ते हातवारे करून दाखवलं. तो प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होता, योग्य जागी हसतही होता. आणि ऐकता ऐकता त्यानं पक्कड घेतली, झाकणासाठी ठेवलेल्या केबलची दोन्ही टोकं कापली, प्लग सुटे केले आणि परत कामाला येतील म्हणून डबीत टाकले.