शाळेवरचा आंबा कोणी उतरवला

मोठ्या झाडापाशी आला की तो आधी चपला काढायचा. मग कोयत्याच्या मुठीला सुतळी बांधून कोयता बोटाला टांगायचा आणि एक डोळा मिटून उभा राहायचा. कोयता लोंबायचा थांबला की त्या सरळ सुतळीशी बुंधा ताडून पाहायचा. बघणारे हसायचे.

"झाड कोणीकडं कललंय ते त्यालाच पुसायला लागतं," तो म्हणायचा. "आपल्या मनात काय हाय, ते झाडाला कुठं म्हाईत?"

जव्हार-मोखाड्याच्या वाटेवर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. कमरेला कोयता, खांद्यावर दोराचं वेटोळं, आणि चालताना नजर कायम शेंड्यांकडे. त्याचं नाव मी जिथे लिहायला हवं होतं, तिथे आता लिहिलं आहे. इथे फक्त त्याचं काम सांगतो.

पोशेऱ्याच्या पुढे एका पाड्यावर मी मुख्याध्यापक होतो. शाळेला लागून एक जुना रायवळ आंबा होता. बुंधा पोखरलेला, आणि निम्म्या फांद्या वर्गांच्या कौलांवर. तोडायची परवानगी आली आणि नेमकं दोन दिवसांनी मोठे साहेब शाळा बघायला येणार असं कळलं. मी त्याला बोलावलं.

कोयता टांगून झाल्यावर तो म्हणाला, "दोन दिस लागतील. वरून एकेक फांदी उतरवायची, मंग बुंधा."

"उद्या दुपारपर्यंत मैदान मोकळं पाहिजे. अर्ध्या दिवसात कर."

"अर्ध्या दिसात झाड पडंल गुरुजी. कुठं पडंल, ते नाय सांगता यायचं."

"काम करायचं नसेल तर तसं सांग."

त्याने चपला घातल्या आणि गेला.

मी बाहेरगावचे दोघे मशीनची करवत घेऊन आणवले. त्यांनी सरळ बुंध्याला हात घातला. मी शेजारीच उभा होतो, घड्याळ बघत. करवत अर्धी आत गेली आणि आंबा करकरला. सगळा भार शाळेकडे आला, चीर मिटली, करवत आत अडकून बसली. दोघे मागे सरले. "आता आमची जबाबदारी नाय," एवढंच म्हणाले. पोरांना आम्ही ओढ्यापलीकडे नेऊन बसवलं. वर्गात होतं ते सगळं आतच राहिलं: खडू-फळे, पुस्तकं, पाड्याने वर्गणी काढून आणलेला टीव्ही. शाळा गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खिचडी शिजवणाऱ्या बाई मला न विचारता धावत जाऊन त्याला घेऊन आल्या. त्याने झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्धा दिस झाला का गुरुजी?"

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरलेलो नाही. आधी तो आंब्याला शिवलाच नाही. शेजारच्या जांभळावर चढला, दोराला दगड बांधून आंब्याच्या बेचक्यातून पलीकडे फेकला, आणि जमलेल्या पाड्यावरच्या लोकांना तो मैदानाकडच्या मोहाच्या झाडाला ताणून आवळायला लावला. दुसरा दोर, तिसरा दोर. मगच तो आंब्यावर गेला. कौलांवरची एकेक फांदी बांधायची, तोडायची, सावकाश खाली सोडायची. खाली दोर धरलेल्यांना वरून शिव्या, तेवढ्याच प्रेमाने. "सोड रं हळू, नवरी उतरवतोस का धोंडा?" दोर धरणारे हसता हसता घामाने भिजले.

शाळेकडचा भार उतरत गेला तसं झाड मैदानाकडे सावरू लागलं. आणि बुंध्यातली ती अडकलेली करवत आपोआप सैल झाली. मशीनवाल्याने ती दोन बोटांनी ओढून काढली. ओढ्यापलीकडून पोरांनी आरोळी ठोकली.

मग त्याने खाली उतरून मैदानाच्या अंगाला खाच घेतली, मागून कुऱ्हाड चालवली. आंबा मैदानाच्या मधोमध आडवा झाला. शाळेचं एकही कौल फुटलं नाही.

चुकीच्या कापाचा फोटो मात्र कोणीतरी कचेरीत पोचवला होता. खुलासा मागवला गेला. मी लिहिलं: "स्थानिक झाडतोड्याने माझ्या सूचना न जुमानता बुंध्यास चुकीचा छेद दिला. मी वेळीच मार्गदर्शन केल्याने हानी टळली." पेन्शनला दोन वर्षं उरली होती. मशीनवाल्यांचं नाव घेतलं असतं, तर त्यांना आणलं कोणी हे निघालं असतं.

त्या कागदानंतर तालुक्यातल्या सरकारी आवारांतलं काम त्याला कोणी देईना. तो ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये फांद्या छाटायला जाऊ लागला. भाताच्या आवणीपुरता गावी यायचा. एकदा मोखाड्याच्या बाजारात मी तोंड चुकवत असताना त्यानेच हाक मारली. "गुरुजी, कौलं शाबूत हायत ना?"

गेल्या दिवाळीत मी सगळं खरं लिहून कचेरीत दिलं. कारकून म्हणाला, "गुरुजी, एवढ्या वर्षांनी कशाला?" मी पोच घेतली आणि बसून राहिलो, साहेब वाचेपर्यंत.

यंदा मोखाड्यात जीप थांबतात तिथला भलामोठा शिरीष छाटायला त्यालाच बोलावलं. मी गेलो. साठी उलटलेला माणूस पार शेंड्याला होता, खाली निम्मा बाजार मान वर करून उभा. मी जीपवाल्यांना सांगितलं, की शाळेवरचा आंबा माझ्यामुळे बिघडला होता, आणि शाळा वाचवली ती यानेच.

वरून आवाज आला, "गुरुजी, मोठ्यानं सांगा. हितवर येत नाय."

एका जीपवाल्याने इंजिन बंद केलं. मी छाती भरून, बाजाराच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

"आता आलं," तो म्हणाला, आणि पुढच्या फांदीवर सरकला.